संवादिनीचे एकलवादन

संवादिनीचे एकलवादन म्हणजे संवादिनीवर केलेले रागसंगीताचे किंवा उपशास्त्रीय रचनांचे स्वतंत्र वादन. संवादिनीलाच हार्मोनियम, पेटी किंवा बाजाची पेटी असेही म्हणतात. या वादनात गायक किंवा नर्तक नसतो. तालाची साथ बहुधा तबल्याची असते आणि मैफलीचा सारा भार वादकावर असतो. संवादिनी हे मुख्यतः साथीचे वाद्य मानले जाते. गायकाच्या मागोमाग जाणे, त्याने घेतलेला श्वास सुरांनी भरून काढणे आणि तबल्याच्या किंवा कथकाच्या कार्यक्रमात लेहरा धरणे ही तिची नेहमीची कामे होत. या चौकटीतून तिला बाहेर काढून स्वतःचे बोलणे असलेले वाद्य म्हणून मैफलीत बसविण्याचे बरेचसे श्रेय मराठी वादकांकडे जाते.

वाद्याचा पूर्वेतिहास

संवादिनीचे मूळ युरोपीय आहे. अलेक्सांद्र दबँ या फ्रेंच कारागिराने १८४२ मध्ये पॅरिस येथे 'हार्मोनियम' या नावाने आपल्या वाद्याचे एकस्व घेतले. ते पायाने भाता चालवून, खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य होते. भारतात मिशनरी आणि युरोपीय रहिवासी यांच्याबरोबर ते आले. बैठक मारून वाजविता येईल अशी, मागे हाताचा भाता असलेली पेटी १८७५ च्या सुमारास कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी घडविली, असे सामान्यतः मानले जाते. यामुळे वादकाचा एक हात भात्यात अडकला आणि पट्ट्यांसाठी एकच हात उरला. पुढे एकलवादनाचे जे तंत्र तयार झाले, त्याच्या मुळाशी ही एक गोष्ट आहे.

पेटीत पितळेच्या लवचीक जिभा असतात. त्यांना सूर म्हणतात. पट्टी दाबली की खालचे छिद्र उघडते, भात्यातील हवा जिभेवरून बाहेर पडते आणि जीभ कंप पावून ध्वनी निर्माण होतो. सुरांचे खर्ज, नर आणि मादी असे प्रकार असून चांगल्या पेटीत यांचे दोन किंवा तीन संच बसविलेले असतात. गुजरातमधील पालिताणा हे गाव सुरांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. पेटीचा विस्तार साधारणपणे तीन ते साडेतीन सप्तकांचा असतो. तिच्या पट्ट्यांवरूनच मराठी गायक आपल्या आवाजाची उंची सांगतात. 'काळी एक', 'पांढरी पाच' हे शब्दप्रयोग संगीत न शिकलेल्या श्रोत्यांच्याही परिचयाचे आहेत.

महाराष्ट्रात या वाद्याचा प्रसार होण्यास संगीत नाटक कारणीभूत झाले. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकापासून, म्हणजे १८८० पासून, नाट्यसंगीताची जी परंपरा सुरू झाली, तिच्यात पुढे पायपेटी आणि ऑर्गन यांना मानाचे स्थान मिळाले. ऑर्गनमध्ये हवा बाहेर फेकली न जाता आत ओढली जाते, त्यामुळे त्याचा ध्वनी अधिक मऊ असतो. नाटक कंपन्यांच्या मुक्कामांबरोबर ही वाद्ये गावोगावी पोहोचली. भजनी मंडळे व कीर्तनकार यांनीही हातपेटी स्वीकारली.

वाद्याच्या मर्यादा

एकलवादनाची कला समजून घ्यायची असेल, तर हे वाद्य काय करू शकत नाही हे आधी पाहावे लागते. साथ करताना या उणिवा गायकाच्या आवाजाखाली झाकल्या जातात. एकट्याने वाजविताना त्या उघड्या पडतात.

पहिली मर्यादा मींडेची. भारतीय रागसंगीतात एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे अखंड ओघळत जाण्याला फार महत्त्व आहे. सतारीची तार खेचून किंवा सारंगीच्या तारेवर नख सरकवून हे साधता येते. पेटीवर प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला आणि सुटा असतो. दोन पट्ट्यांच्या मधली जागा वाद्यात अस्तित्वातच नसते.

दुसरी मर्यादा स्वरांच्या जुळणीची. आजची पेटी बहुधा समान अंतरांच्या स्वरसप्तकात लावलेली असते. या पद्धतीत सप्तकाचे १२ सारखे भाग करतात. अंतर मोजण्याचे एकक 'सेंट' हे असून पूर्ण सप्तक १२०० सेंटचे व प्रत्येक भाग १०० सेंटचा होतो. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून, बारकाईने ऐकल्यास, गंधाराचा एक उपस्वर उमटतो. तो षड्जापासून (मधली सप्तके वजा केल्यास) सुमारे ३८६ सेंट अंतरावर असतो. पेटीचा शुद्ध गंधार मात्र ४०० सेंटवर असतो, म्हणजे तो सुमारे १४ सेंट चढा लागतो. शुद्ध धैवतही नैसर्गिक धैवतापेक्षा सुमारे १६ सेंट चढा असतो. पंचमाचा फरक केवळ २ सेंटचा असल्याने तो कानाला जाणवत नाही. तानपुऱ्याशेजारी ठेवलेल्या पेटीचा गंधार जाणकारांना का खुपतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तिसरी मर्यादा आघाताची. पट्टी हळू दाबली किंवा जोरात दाबली, तरी सुराच्या जोरात फारसा फरक पडत नाही. लहानमोठेपणा येतो तो भात्यातून, आणि भाता सर्व सुरांना एकाच वेळी हवा पुरवितो.

वादनतंत्र

या तीन मर्यादांना एकलवादकांनी दिलेली उत्तरे म्हणजेच या वाद्याचे तंत्र होय.

भाता हा संवादिनीचा श्वास आहे. शिकाऊ वादक भाता एकसारखा हलवीत राहतो, त्यामुळे सुरांत हेलकावे येतात. जाणता वादक स्वरवाक्याच्या लांबीनुसार भाता भरतो, स्वर लावताना हलका दाब ठेवतो, न्यासाच्या स्वरावर तो वाढवितो आणि वाक्य संपताना उतरवितो. गायक जेथे श्वास घेईल तेथेच भात्याने थांबावे, ही जुनी शिकवण आहे. बंदिशीचे शब्द पेटीवर उच्चारता येत नाहीत; तरी ओळखीचे नाट्यपद वाजत असताना शब्द ऐकू आल्याचा भास श्रोत्याला होतो. तो भास भात्याचे हे चढउतार आणि बोटांचे आघात यांतून निर्माण झालेला असतो.

बोटांचे काम दोन प्रकारचे आहे. एक म्हणजे स्वर जोडून वाजविणे. पुढची पट्टी दाबली जाईपर्यंत मागची पट्टी पूर्ण सोडायची नाही. या क्षणभराच्या गुंतणुकीमुळे दोन सुरांमधील फट बुजते आणि मींडेचा आभास होतो. दुसरे म्हणजे कणस्वर, मुरकी, खटका, जमजमा या अलंकारांचा उपयोग. मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श दिला की कान त्या दोहोंमधील वाट आपोआप पूर्ण करतो. याउलट वेगवान, दाणेदार आणि सुटी तान हे या वाद्याचे बलस्थान आहे. गळ्याला अवघड जाणाऱ्या लांब उड्या आणि तीन सप्तकांतील सपाट ताना पेटीवर स्वच्छ निघतात. त्यामुळे वेगाच्या आहारी जाण्याचा मोहही या वाद्यावर अधिक असतो.

मैफलीची मांडणी

एकलवादकाचा पहिला निर्णय रागाच्या निवडीचा असतो. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार किंवा मियाँ मल्हारातील निषादांची ये-जा ही मींडेवर आणि श्रुतीच्या सूक्ष्म फरकावर उभी असते. असे राग पेटीवर निवडणे धोक्याचे असते. निवडलेच, तर त्यांचा विस्तार बेताने करावा लागतो. हंसध्वनी, कलावती, किरवाणी यांसारखे राग सुट्या स्वरांतही आपले रूप टिकवितात. खमाज, पिलू, भैरवी हे ठुमरी अंगाचे राग मुरक्यांमुळे खुलतात.

दुसरा निर्णय शैलीचा असतो. गायकी अंगाने वाजविणारा वादक ख्यालाची बंदिश घेतो. प्रथम थोडी आलापी, मग विलंबित लयीत अस्थायी-अंतरा व बढत, पुढे मध्यलयीतील किंवा द्रुत त्रितालातील चीज, बोलांच्या वळणाने घेतलेल्या लयकारीच्या जागा आणि ताना असा क्रम असतो. तंतकारी अंगाने वाजविणारा वादक सतारीसारखी गत घेतो आणि शेवटी झाल्याकडे वळतो. महाराष्ट्रात गायकी अंगाला पसंती आहे. विलंबित लय अतिशय संथ ठेवली तर पेटीचे सूर सपाट वाटू लागतात; म्हणून अनेक वादक झपताल, रूपक किंवा मध्यलय एकताल यांना प्राधान्य देतात.

रागानंतर नाट्यपद, ठुमरी, दादरा, अभंग किंवा धून आणि शेवटी भैरवी अशी मांडणी मराठी मैफलीत रूढ आहे. तबलजीलाही येथे वेगळी भूमिका मिळते. साथीच्या पेटीपुढे तो गायकाला उत्तर देत असतो. एकलवादनात वादक एखाद्या आवर्तनात मुखडा धरून राहतो आणि तबल्याला मोकळी जागा देतो.

प्रमुख वादक

गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) हे एकलवादनाच्या इतिहासातील पहिले मोठे मराठी नाव होय. कोल्हापूरच्या संगीतसमृद्ध वातावरणात ते वाढले. भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन आणि अल्लादियाखाँ यांच्या गायकीचा सहवास त्यांना लाभला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' (१९११) या नाटकाच्या पदांना त्यांनी दिलेल्या चालींनी नाट्यसंगीताला नवे वळण लावले. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे संस्थापक झाले. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली व संगीतही दिले. गायन, अभिनय, संगीतरचना आणि लेखन अशा अनेक क्षेत्रांत वावरलेल्या या कलावंताची मूळ ओळख मात्र पेटीवादक हीच होती. ख्यालाची शिस्त आणि ठुमरीचे लालित्य या दोन्ही गोष्टी पेटीवर आणता येतात, हे त्यांच्या वादनाने दाखविले. 'माझा संगीत व्यासंग' या त्यांच्या ग्रंथात त्या काळच्या संगीतविश्वाचे चित्रण आहे.

मधुकर पेडणेकर ऊर्फ पी. मधुकर यांनी बोटांची सफाई आणि नाजूक अलंकार यांवर भर देणारी शैली घडविली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे पेटीचे एकलवादन मैफलीबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत गेले. गोविंदराव पटवर्धन यांनी ऑर्गन व संवादिनी या दोन्ही वाद्यांवर नाट्यसंगीताची साथ केली आणि एकलवादनही केले. लेखक पु. ल. देशपांडे हेही जाणकार पेटीवादक होते.

तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांचा जन्म गोव्यातील बोरी येथे झाला. पी. मधुकर यांचे ते शिष्य. नाट्यसंगीत आणि रागसंगीत या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी दीर्घकाळ साथ केली, त्याचबरोबर एकलवादनाच्या मैफलीही केल्या आणि शिष्य घडविले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. सुधीर नायक व केदार नाफडे हे त्यांच्या शिष्यांपैकी होत.

नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी आयुष्यभर एकलवादनाचाच आग्रह धरला. पेटीला स्वरमंडळाच्या तारांची जोड देऊन त्यांनी आपल्या वाद्याला 'संवादिनी' हे नाव दिले. अप्पा जळगावकर हे प्रामुख्याने साथीसाठी नावाजले गेले. गणितात डॉक्टरेट मिळविलेले अरविंद थत्ते हे साथ व एकलवादन या दोन्ही क्षेत्रांत मान्यता पावलेले वादक आहेत.

आकाशवाणीवरील बंदी

संवादिनीला सर्वांत मोठा विरोध सहन करावा लागला तो आकाशवाणीवर. १९३८ मध्ये जॉन फौल्ड्स या ब्रिटिश संगीतकाराने या वाद्यावर टीका करणारा लेख लिहिला. हे वाद्य परके आहे, त्यावर मींड व श्रुती निघत नाहीत आणि ते गायकांचा कान बिघडविते, हे आक्षेप त्या काळी घेतले जात होते. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही या वाद्याला विरोध होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर संवादिनीला बंदी घालण्यात आली. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. १९७१ मध्ये ती अंशतः उठविण्यात आली, परंतु ती सवलत निवडक कलावंतांना आणि साथीपुरती होती. एकलवादनाला त्यानंतरही दीर्घकाळ प्रवेश नव्हता.

आकाशवाणी हे त्या काळात कलावंताला नाव, श्रेणी आणि उत्पन्न मिळवून देणारे मोठे व्यासपीठ होते. त्यामुळे या बंदीचा परिणाम दोन-तीन पिढ्यांवर झाला. गायक किंवा सतारवादक यांना उपलब्ध असलेला मार्ग संवादिनीवादकाला बंद राहिला. त्याला नाटक, खासगी मैफली, शिकवण्या आणि साथ यांवर अवलंबून राहावे लागले. मैफलीत मात्र गायकांनी पेटी सोडली नाही. उत्तर भारतात आणि महाराष्ट्रात सारंगीची जागा तिने उत्तरोत्तर घेतली. एकाच काळात एकच वाद्य आकाशवाणीवर निषिद्ध आणि मैफलीत अपरिहार्य होते.

आक्षेपांपैकी श्रुतींचा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या खरा आहे, हे वर दिलेल्या आकड्यांवरून दिसते. त्यावर वादक व कारागीर यांनी उपाय शोधले. एक उपाय म्हणजे ठरावीक षड्ज धरून पेटी नैसर्गिक स्वरांत लावणे. याला 'गांधार ट्यूनिंग' असे म्हणतात. अशी पेटी कानाला गोड लागते, पण दुसरी पट्टी षड्ज धरली की जुळणी बिघडते. दुसरा उपाय ठाण्याचे विद्याधर ओक यांनी तयार केलेली २२ श्रुतींची पेटी हा होय. तिच्यात षड्ज व पंचम एकेक असून उरलेल्या १० स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती, अशा एकूण २२ श्रुती मिळतात. रागाला हवी ती श्रुती वादन सुरू करण्यापूर्वी निवडता येते. मींडेचा प्रश्न या दोन्ही उपायांनी सुटत नाही. तो आजही बोटांनी व भात्यानेच सोडवावा लागतो.

पियानोच्या एकलवादनाशी तुलना

पेटी आणि पियानो यांच्या पट्ट्यांची रचना एकच आहे. दोन्हींवर मींड निघत नाही आणि दोन्हींचे सूर समान अंतरांचे असतात. पाश्चात्त्य संगीतातही एका वादकाने संपूर्ण कार्यक्रम एकट्याने करण्याची प्रथा तुलनेने अलीकडची आहे. फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाने १८४० मध्ये लंडन येथे केलेल्या आपल्या कार्यक्रमासाठी 'रिसायटल' हा शब्द वापरला आणि तो पुढे रूढ झाला. त्यापूर्वी एकाच कार्यक्रमात गायक, वादक व वाद्यवृंद यांची सरमिसळ असे.

भेदही महत्त्वाचे आहेत. पियानोत हातोडी तारेवर आदळते, त्यामुळे प्रत्येक स्वराचा जोर बोटाने ठरविता येतो. पण स्वर उमटताच विरू लागतो. पेटीचा स्वर हवा असेपर्यंत टिकतो आणि वाढविताही येतो. पियानोवादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर असतात, त्यामुळे तो एकाच वेळी अनेक स्वरधारा वाजवितो. पेटीवादकाचा एकच हात मोकळा असतो आणि त्याच्या संगीताला एकच स्वरधारा पुरते. पियानोवादक बहुधा लिहिलेली रचना सादर करतो आणि तिचा अर्थ लावतो. पेटीवादक बंदिशीच्या आधाराने राग जागेवरच रचीत जातो.

खान्देशातील स्थिती

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत पेटी हे गावागावांतील परिचयाचे वाद्य आहे. भजन, कीर्तन, शाळेतील प्रार्थना आणि स्नेहसंमेलने यांत तिचे स्थान ठरलेले आहे. जळगावचा नाट्यसंगीताशी जुना संबंध आहे. बालगंधर्व ऊर्फ नारायण श्रीपाद राजहंस यांचे बालपणातील काही दिवस जळगावात गेले व तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना गायनाचे आरंभीचे शिक्षण मिळाले. त्यांच्या नावाने जळगाव येथे बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. भजनातील पेटीची सवय असलेल्या श्रोत्याला एकलवादन परके वाटण्याचे कारण नाही. त्याच्या ओळखीच्या अभंगाची किंवा नाट्यपदाची चाल हीच बहुधा रागाकडे नेणारी पहिली पायरी ठरते.

शिक्षण

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत संवादिनी हा स्वतंत्र विषय असून प्रारंभिक ते अलंकार असा त्याचा क्रम आहे. लहान गावांतील विद्यार्थ्यांनाही या परीक्षांमुळे पद्धतशीर शिक्षणाची दिशा मिळते. एकलवादनाची तयारी मात्र परीक्षेच्या अभ्यासक्रमापेक्षा व्यापक असते. बहुतेक नामवंत वादकांनी गायनाचेही शिक्षण घेतल्याचे दिसते. बंदिश गाता येत असेल तरच तिच्यातील श्वास, विराम आणि शब्दांचे वजन पेटीवर उतरते. म्हणून आरंभीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक पलटा आधी गळ्याने म्हणावा आणि मग बोटांनी वाजवावा, तानपुऱ्याबरोबर सराव करावा, आणि भाता व बोटे यांचा वेगवेगळा रियाज करावा, असे गुरुजन सांगतात.